तटस्थ देशातले हेर आमान

मी चोवीस वर्षं जर्मनीत म्हातारी माणसं धुतली. गावी कोणी विचारलं की आई सांगायची, "विजया तिकडे मोठ्या दवाखान्यात आहे." दवाखाना नव्हता, वृद्धाश्रम होता. माणसांना उठवायचं, धुवायचं, कपडे घालायचे, भरवायचं, गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं करायचं, हे माझं काम. मिरजेत नर्सिंग शिकून आले होते, पण इथल्या कचेरीतल्या बाईंनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं आणि हसून परत दिलं. ह्यांची नोकरी कोन्स्टान्त्सच्या विद्यापीठात, प्रयोगशाळेत. मी घरी बसून काय करणार? पस्तिसाव्या वर्षी पुन्हा तीन वर्षं शाळेत गेले आणि म्हाताऱ्यांची परिचारिका झाले.

धुण्याचंही शास्त्र असतं. आधी हात पाण्यात घालू द्यायचा, गरम-गार त्यांनीच सांगायचं. चेहऱ्याला साबण नाही. वरच्या अंगाला एक फडकं, खालच्या अंगाला दुसरं. आणि जेवढं धुतोय तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी सगळं टॉवेलखाली. हे नीट केलं तर माणसाला लाज वाटत नाही, आणि लाज वाटली नाही की माणूस बोलतो. पाद्र्याशी बोलणार नाहीत ते आमच्याशी बोलतात. आम्ही पाठीमागे उभ्या असतो, तोंड दिसत नाही, म्हणूनही असेल.

प्रत्येकाच्या फाइलमध्ये एक चरित्राचा कागद असे. जन्म कुठला, धंदा काय, काय आवडतं, कशाची भीती वाटते. माझ्या काळातली माणसं सगळी युद्धातून आलेली. एक बाई खोलीचं दार लावलं की किंचाळायची. एक गृहस्थ उशीखाली पावाच्या कडा साठवायचे. कागद वाचला की कारण कळतं आणि आपण रागावत नाही. पण कोण कुठल्या बाजूला होतं हे विचारायचं नाही. शेजारशेजारच्या पलंगांवर कोण झोपलंय हे देवालाच ठाऊक. गोळ्या दोघांनाही आठ वाजता. आमच्या प्रमुख फ्राउ ब्रेंडले यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "श्वेस्टर विजया, इथे पलंगाला बाजू दोनच. डावी आणि उजवी." श्वेस्टर म्हणजे सिस्टर, फ्राउ म्हणजे बाई. मला ते वाक्य फार आवडलं होतं. नव्या मुली आल्या की मीही ते ऐकवायची.

कोन्स्टान्त्स हे गाव सीमेला इतकं चिकटलेलं आहे की एका रस्त्याचं एक टोक स्वित्झर्लंडमध्ये जातं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरून सीमेचं कुंपण दिसायचं. आमचे म्हातारे अभिमानानं सांगत, युद्धात सगळी जर्मनी अंधारात बसली होती तेव्हा आमच्या गावानं दिवे चालू ठेवले. वरच्या विमानांना वाटलं हेही स्वित्झर्लंडच. एकही बॉम्ब पडला नाही.

२००२च्या शरदात हेर आमान आले; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. वय ब्याऐंशी, नागरिक स्वित्झर्लंडचे, सफरचंदांच्या बागा असलेले शेतकरी. बायको गेलेली. मुलगी रेगुला लग्न करून आमच्या गावात राहत होती, तिनं वडिलांना जवळ आणलं. हात थरथरायचे, पाय ओढत चालायचे, डोकं मात्र साफ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही इंडियाच्या? मग आपण गाववाले. आमच्या भागाला सगळे मोस्टइंडियन म्हणतात." मोस्ट म्हणजे सफरचंदाचा आंबूस रस. त्यांच्या भागात तो इतका होतो की लोकांनी थट्टेनं हे नाव ठेवलंय. मी हसले. तेव्हापासून मला ते 'गाववाली' म्हणत. त्यांच्या चरित्राच्या कागदावर युद्धाच्या वर्षांपुढे दोनच शब्द होते: सीमेवर चाकरी.

फ्राउ हिर्श आमच्याकडे दोन वर्षं आधीपासून होत्या. वय सत्त्याहत्तर. पाय गेलेले, चाकाची खुर्ची, जीभ धारदार. गावात त्यांचं बटणांचं आणि शिवणसामानाचं छोटं दुकान होतं. लग्न केलेलं नव्हतं. चरित्राच्या कागदावर त्यांनी फक्त नाव आणि जन्मतारीख लिहिली होती आणि खाली: "बाकीचं विसरलेले नाही. पण लिहून देणार नाही."

कोणाला कोणत्या टेबलावर बसवायचं ही आमच्या धंद्यातली खरी कला. दोन चुकीची माणसं एकत्र आली की दोघांचंही जेवण सुटतं. मी ह्या दोघांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, कारण दोघांनाही म्यूले हा खेळ येत होता. तीच आपली नवकांकरी. माझी निवड अचूक ठरली. रोज नाश्त्यानंतर पट मांडला जायचा. त्यांचा हात थरथरून सोंगट्या सरकल्या की त्या म्हणायच्या, "हेर आमान, भूकंप झाला, की फसवताय?" दुपारी ते सफरचंद सोलायचे. दहा मिनिटं लागायची, पण साल अखंड निघायची, आणि पहिली फोड फ्राउ हिर्शच्या बशीत जायची. फ्राउ ब्रेंडले मला म्हणाल्या, "तुम्ही लग्नं जमवायचं दुकान काढा."

मार्च २००३मध्ये इराकवर बॉम्ब पडायला लागले. जर्मनी त्या युद्धात नव्हती, तरी आमच्या घरात ते युद्ध आलं. दिवाणखान्यातला टीव्ही बंद केला की म्हातारे चिडायचे आणि चालू ठेवला की रडायचे. एका आजींनी न्हाणीचा टब काठोकाठ भरून ठेवला, पाणी तोडतील म्हणून. सकाळच्या युबरगाबेत, म्हणजे एक पाळी दुसरीला माणसं सोपवते त्या बैठकीत, झोपेच्या गोळ्यांची यादी रोज लांबत होती.

त्यातल्याच एका सकाळी स्विस वाहिनीवर बातमी लागली की स्वित्झर्लंड तटस्थ आहे, लढणाऱ्यांची विमानं आपल्या आकाशातून जाऊ देणार नाही. शेजारच्या टेबलावरचे निवृत्त बेकरीवाले हेर त्सोलर मोठ्यानं म्हणाले, "तुमचं बरं असतं, हेर आमान. आमच्या वेळीही तुम्ही असेच. बसायचं आणि बघायचं."

हेर आमान एरवी हसून सोडून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी आपला ट्रे पुढे ओढला.

"बघा," ते म्हणाले. "हे उकडलेलं अंडं म्हणजे आम्ही." मग त्यांनी अंड्याभोवती बशी, कप, लोण्याची वाटी, पावाची टोपली अशी रांग लावली. "आणि हे तुम्ही. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. सगळीकडे एकच सैन्य. आता अंड्यानं काय करायचं?"

"गप्प बसायचं," हेर त्सोलर म्हणाले.

"नुसतं गप्प बसून भागत नाही. कोळसा तुमच्याकडून यायचा. तो बंद झाला की आम्ही थंडीत मेलो. मग बदल्यात तुम्हाला यंत्रं द्यायची, तोफांचे भाग द्यायचे. तुमच्या मालगाड्या आमच्या डोंगरातून इटलीला जाऊ द्यायच्या, डब्यात काय आहे विचारायचं नाही. आणि त्याच बोगद्यांत सुरुंग पेरून ठेवायचे, म्हणजे तुम्हाला कळावं, अंगावर आलात तर बोगदाही मिळणार नाही. पलीकडच्यांनाही चोरून काही विकायचं, म्हणजे तेही रागावत नाहीत. शहरातल्या बागांत बटाटे लावायचे. पोरांना बंदूक देऊन सीमेवर उभं करायचं. आणि रोज सकाळी उठून बघायचं, अंडं फुटलंय का." त्यांना दम लागला. "असं राहतात तटस्थ. बसून नाही राहत."

हेर त्सोलर मान हलवत म्हणाले, "हुशार. खरंच हुशार."

"आणि माणसं?" फ्राउ हिर्शनी विचारलं.

"कुठली माणसं?"

"कुंपणाशी आलेली."

हेर आमान म्हणाले, "झेपली तितकी घेतली. पुष्कळ घेतली, फ्राउ हिर्श."

"हो, घेतली असतील." मग त्यांनी जे सांगितलं ते दोन वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढवला नाही, पाव कापता कापता बोलल्या. "मी सतरा वर्षांची होते. आई आणि मी बर्लिनहून आलो, नावं बदलून, तीन गाड्या बदलून. शेवटचे सहा तास जंगलातून चालत. पलीकडे पोचलो. एका शिपायानं धरलं, चौकीवर नेलं. चांगली माणसं होती. वाटाण्याचं सूप दिलं, मांस घातलेलं. शेगडीपाशी झोपू दिलं. सकाळी म्हणाले, हुकूम आहे, ज्यू म्हणून पळून आलेल्यांना ठेवता येत नाही. आणि जिथून आलो होतो तिथेच आणून सोडलं. दीड तासानं आम्हाला जर्मन गस्तीनं गाठलं. आई म्हणाली पळ, म्हणून मी पळाले. ती पळू शकत नव्हती."

पुढे एका खेड्यातल्या शेतकऱ्याकडे त्यांनी खोट्या नावानं मोलकरीण म्हणून दिवस काढले. युद्ध संपल्यावर अमेरिकेला जाता आलं असतं. गेल्या नाहीत. "आईला शेवटची इथेच पाहिली," एवढंच कारण सांगितलं.

हेर आमान यांनी अंडं खाल्लं नाही. मी ट्रे उचलला तेव्हा ते तसंच मध्ये उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पाठ धूत होते. ते म्हणाले, "गाववाली, मीच होतो."

माझा हात थांबला. "फ्राउ हिर्शना परत पाठवणारे?"

"नाही, नाही. त्या म्हणतात ती चौकी दुसरी, मी चार कोस अलीकडे होतो. पण मीच होतो. कळतंय का?"

मग त्यांनी पाण्याच्या भांड्याकडे बघत सांगितलं. वय बावीस. आधी एकदा त्यांनी दोन बायकांकडे कानाडोळा केला होता आणि वरिष्ठानं सगळ्यांसमोर झापलं होतं: पुढच्या वेळी तुरुंग. तीन आठवड्यांनी पहाटे एक माणूस आला, दोन मुलांना घेऊन. मोठी मुलगी, धाकटा मुलगा चारेक वर्षांचा. ओढा ओलांडताना त्याचा एक बूट वाहून गेला होता. हेर आमान यांनी हुकूम वाचून दाखवला. तो माणूस भांडला नाही, विनवणी केली नाही, फक्त विचारलं, "कुठल्या वाटेनं परत गेलं तर गस्त कमी असते?" हेर आमान यांना ठाऊक नव्हतं. मुलाच्या पायात बूट नाही म्हणून त्यांनी त्याला कडेवर घेतलं आणि सीमेच्या दगडापर्यंत पोचवलं.

"चॉकलेट होतं खिशात. दिलं त्याला. त्यानं मला काय म्हणावं? 'डांके' म्हणाला, आभार मानले माझे. आईनं शिकवलं असेल." त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला. "बायकोला सांगितलं नाही. रेगुलाला माहीत नाही. आता ह्या बाईंना माझ्या हातची फोड देतो रोज. त्यांना सांगू का, श्वेस्टर?"

पहिल्यांदाच ते मला श्वेस्टर म्हणाले. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर ओढला आणि आम्हाला शिकवलेलं वाक्य म्हटलं. "हेर आमान, यात मी बोलणं योग्य नाही. ते तुम्हीच ठरवायला हवं."

ते थोडं हसले. "गेनाऊ," म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "आम्हीही असंच म्हणायचो."

ऐकलेलं सगळं फाइलमध्ये नोंदवायचं असा नियम आहे. मी लिहिलं: त्वचा ठीक, मनःस्थिती उदास. घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हटलं, "अहो, मी काय करायला हवं होतं?" हे चहा ढवळत म्हणाले, "केलंस ते बरोबर केलंस. परक्या देशातली नोकरी आहे. त्यांचं ते बघतील. तू मध्ये पडू नकोस." आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी हे धोरण जुनंच होतं. मी जेवण वाढलं.

एप्रिलभर पट मांडला जात राहिला. सफरचंद सोलणं मात्र बंद झालं, हाताचं निमित्त सांगून. मे महिन्यात एका दुपारी दोघं बागेत बसली होती. मी फ्राउ हिर्शच्या पायांवरची शाल नीट करत होते, तेव्हा हेर आमान यांनी हातातली सोंगटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. चॉकलेटही वगळलं नाही.

फ्राउ हिर्श दुकानात गिऱ्हाईकाला विचारावं तशा प्रश्न विचारू लागल्या. महिना कोणता? ऑक्टोबर. गाव कोणतं? त्यांनी सांगितलं. माणसाचा पेहराव? करडा कोट, शहरी.

"नाव काय होतं त्याचं?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"जागच्या जागी परत पाठवायचे त्यांची नावं लिहीत नव्हतो. वही होती. वहीत आकडा लिहायचो. तीन."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्या गोष्टीनं नाही, ह्या उत्तरानं. "आल्झो, असं आहे तर. तीस वर्षं मी तुमच्या कचेऱ्यांना पत्रं लिहितेय. माझी आई तुमच्या देशात एक रात्र होती, तिचं नाव कुठे तरी असेल म्हणून. प्रत्येक वेळी उत्तर येतं, नोंद सापडत नाही. मला वाटायचं, कागद हरवले. तुम्ही लिहिलंच नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "श्वेस्टर विजया, मला आत न्या. आणि उद्यापासून दुसऱ्या टेबलावर."

मी नेलं. टेबल बदललं. फ्राउ ब्रेंडलेंनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "खेळावरून काही झालं असेल."

आठवड्याभरात हेर आमान यांनी खाणं सोडलं. भांडण नाही, नाटक नाही. घास पुढे केला की मान वळवायचे आणि म्हणायचे, "नको, गाववाली, पोट भरलंय." बाहेरच्यांना वाटतं, अशा वेळी नळी घालतात. पण शुद्धीवर असलेल्या माणसानं नाही म्हटलं आणि तसं लेखी दिलेलं असलं तर जबरदस्ती करता येत नाही. डॉक्टर येतात, बोलतात, लिहून जातात. आम्ही ओठ ओले करतो, कूस बदलतो, आवडीचं काही पुढे ठेवून बघतो. रोज वजन करायचं, रोज तो आकडा खाली गेलेला बघायचा आणि रोज तितक्याच आनंदानं सुप्रभात म्हणायचं. ह्या कामात मी पटाईत होते. त्या महिन्यात मला ते जड गेलं.

रेगुलानं मला जिन्यात गाठलं. तिला कारण माहीत नव्हतं, एवढंच दिसत होतं की वडील आणि त्या बाई बोलत नाहीत. "तुमचं ऐकतात फ्राउ हिर्श. एकदा त्यांना पप्पांच्या खोलीत घेऊन या. पाच मिनिटं."

मी म्हटलं, "एका रहिवाशाच्या वतीनं दुसऱ्याला काही सांगणं आमच्या कामात बसत नाही." वाक्य बरोबर होतं. आजही कोणी परीक्षेत विचारलं तर हेच उत्तर बरोबर. पण रेगुला जिना उतरत असताना तिची पाठ बघून मला कळलं की मी कामाच्या नियमाआड लपतेय. हेर आमाननी मार्चमध्ये विचारलं होतं तेव्हाही लपले होते. फ्राउ हिर्श आल्या असत्या असं नाही. पण मी त्यांना विचारलंच नाही. त्यांचं 'नाही' मीच परस्पर देऊन टाकलं. चोवीस वर्षांत माझ्या हातून औषधाच्या दोन चुका झाल्या, दोन्ही वेळेवर सावरल्या. ही सावरली नाही.

शेवटच्या आठवड्यात हेर आमान मला म्हणाले, "लिहाल का? माझ्या हातानं जमत नाही." मी खुर्ची ओढून बसले. नियमात हेही बसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं आणि मी माझ्या जर्मनमध्ये उतरवलं: महिना, गाव, सीमेच्या दगडाचा क्रमांक, तो त्यांना अजून पाठ होता, माणसाचं अंदाजे वय, करडा कोट, मुलीच्या दोन वेण्या, मुलाचा डावा पाय उघडा. शेवटी: "मी परत पाठवलं. हुकूम होता. हुकूम नसता तर काय केलं असतं हे मला माहीत नाही." पानभर झालं.

"हे कोणाला द्यायचं?" मी विचारलं.

"ज्यांनी विचारलं त्यांना."

तेव्हा मात्र मी कोणाची परवानगी घेतली नाही. कागद घेऊन सरळ फ्राउ हिर्शच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावला, वाचला. मग पेन्सिल मागितली आणि माझ्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करू लागल्या. लिंगं चुकली होती, एक क्रियापद. हात अगदी स्थिर होता. झाल्यावर म्हणाल्या, "स्वच्छ प्रत करा. सही घ्या त्यांची. सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी."

"त्यांना काही सांगू का? तुमच्याकडून?"

"काय सांगणार? माफ केलं म्हणून? मला कुठे कडेवर घेतलं होतं त्यांनी? ज्याला घेतलं होतं त्याला विचारा." मग खिडकीकडे तोंड करून, "पण सांगितलं, हे बरं केलं. बाकी कोणी नाही सांगितलं. हवं तर एवढं सांगा."

मी सांगितलं. हेर आमान यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. सही मात्र केली, माझ्या हाताचा आधार घेऊन, आणि ती वेडीवाकडी सही व्हायला सफरचंद सोलण्याइतका वेळ लागला. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. आमच्याकडे रीत अशी की खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवतात, मेणबत्ती लावतात, ज्याला निरोप घ्यायचा त्यानं आत जावं. हेर त्सोलरसुद्धा टोपी काढून जाऊन आले. फ्राउ हिर्श गेल्या नाहीत.

अंत्यविधीनंतर रेगुला मला भेटली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. "पप्पांनी तुम्हाला काही लिहायला सांगितलं होतं असं बाकीच्या सिस्टर म्हणतात. तो कागद मला हवा आहे. माझ्या मुलांनी आजोबांना असं ओळखावं असं मला वाटत नाही." म्हणजे तिला कुणकुण लागली होती.

कागद फ्राउ हिर्शच्या शिवणाच्या डब्यात होता, बॉबिनखाली. मी म्हटलं, "माझ्याकडे नाही." खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मी बाजू घेतली हे तिलाही कळलं आणि मलाही. तिनं तक्रार केली. तिचंही चूक म्हणवत नाही मला, बाप तिचा होता. फ्राउ ब्रेंडलेंनी मला बोलावून आबमानुंग दिली, म्हणजे नोकरीतला लेखी इशारा. अशी दुसरी मिळाली तर नोकरी जाते. "का केलंत?" त्यांनी विचारलं. मी पलंगाच्या बाजूंवर काही बोलले नाही. ते वाक्य त्यानंतर कुठल्या नव्या मुलीलाही ऐकवलं नाही. ह्यांना इशाऱ्याचा कागद दाखवला तेव्हा हे चिडले, मग बऱ्याच वेळानं विचारलं, "त्या बाई आता काय करणार त्या कागदाचं?"

फ्राउ हिर्शनी ते ठरवलेलं होतं. सप्टेंबरमध्ये माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून सीमेपलीकडे नेलं. इतकी वर्षं कुंपणाशेजारी राहून त्या कधी पलीकडे गेल्या नव्हत्या. नाक्यावरच्या जवानानं त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि माझा जर्मन पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. फ्राउ हिर्शचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले होते. मला वाटलं त्या म्हणतील, परत चला. नाही म्हणाल्या.

आगगाडीनं अर्धा-पाऊण तास गेल्यावर एका गावात सरकारी दफ्तरखाना होता. काउंटरवर चाळिशीचा एक सभ्य माणूस होता. त्यानं हेर आमान यांचा कागद उभ्यानं वाचायला घेतला आणि अर्ध्यावर खाली बसला. वाचून झाल्यावर हळूच म्हणाला, "असे कागद आमच्याकडे फार कमी आहेत. संबंधित लोकांची नावं?"

"नाहीत," फ्राउ हिर्श म्हणाल्या.

"मग लिहिणाऱ्याच्या नावानं दाखल करतो. आपण त्यांच्या कोण?"

फ्राउ हिर्शनी हात पुढे केला. "एक कोरा कागद द्या."

त्यानं दिला. त्यांनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं. मी मागे खुर्ची धरून उभी होते, त्यामुळे मला दिसत होतं. आईचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. जन्मतारीख, जन्मगाव, धंदा: शिवणकाम. मग चौकीचं गाव, रात्र कुठली, सकाळी किती वाजता परत नेलं. बरोबर मुलगी, वय सतरा, आणि स्वतःचं नाव. सगळं मिळून सात ओळी. खाली सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर तळहात धरून ठेवला आणि मग तो हेर आमान यांच्या कागदावर ठेवला.

त्या माणसानं दोन्ही कागदांवर आवक-शिक्का मारला आणि तारीख घातली. मग विचारलं, "ह्याची एक प्रत आपल्याला करून देऊ?"

"नको," फ्राउ हिर्श म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्याकडेच होतं. आता तुम्ही ठेवा."